कापसात पिकत घातलेल्या बाटल्या

माझे बाबा सहा वर्षं गावात सांगत होते, की पोरगा पुण्याला ज्यूसच्या कंपनीत आहे. मी पुण्यात बिअर बनवत होतो. खाली हॉटेल आणि काचेपलीकडे चकचकीत टाक्या, अशा जागी त्या टाक्यांपाशी गमबूट घालून जो माणूस उभा असतो, तो मी. ज्यूस या शब्दाचा मला भयंकर राग यायचा. पण सहा वर्षांत मी तो एकदाही बोलून दाखवला नाही, आणि बाबांनीही कधी समोर बसवून विचारलं नाही, की तू नक्की करतोस काय.

बाबा आयुष्यभर कापसाचे ग्रेडर होते. तालुक्याच्या गावी, नेरला, खरेदी सुरू झाली की गाड्यांची रांग लागायची आणि बाबा एकेका गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढायचे. वरचा कापूस ते बघतच नसत. वरचा सगळ्यांचाच चांगला असतो. आतून काढलेली चिमूट दोन अंगठ्यांत धरून ओढायची, धागा बघायचा, ओल बघायची आणि एक शब्द बोलायचा. डागी, किडका, पिवळा पडलेला असेल तर तो शब्द ‘कवडी’. त्या एका शब्दावर माणसाचं अख्खं वर्ष हलायचं, म्हणून लोक विनवण्या करायचे, शिव्या द्यायचे, सकाळी सकाळी घरी सीताफळांची टोपली घेऊन यायचे. टोपली आल्या पावली परत जायची. लहानपणी बाबांच्या प्रामाणिकपणाचं मला दुःख होतं ते एवढंच, सीताफळांपुरतं.

आमच्या विहारात पौर्णिमेला पंचशील बाबाच म्हणून घेतात. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आवाज खणखणीत. आजोबा धम्माची दीक्षा घेऊन गावी परतले, तेव्हा त्यांनी मोहाची दारू गाळायचं मडकं अंगणात आणून सगळ्या वस्तीसमोर फोडलं होतं. आमच्या घरात देवादिकांच्या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत, ही मडक्याची गोष्ट सांगितली. तेव्हा बाबांचा पाचव्या शिलाबद्दलचा, दारूला न शिवण्याचा हट्ट हा कोरडा सोवळेपणा नव्हता. दारूनं आमच्या वस्तीतली माणसं कशी संपवली, हे त्यांनी पाहिलं होतं. मला हे सगळं कळत होतं आणि तरी वाटत होतं, की माझ्या कामाला एकदा तरी त्यांनी त्याच्या नावानं हाक मारावी. हवं तर शिवी घालून मारावी.

आता माझ्या कामाविषयी. बेल्जियमकडचे शेतकरी पूर्वी हिवाळ्यात, शेतात फारसं काम नसताना, घरच्या धान्याची एक हलकी आंबट बिअर घालून ठेवायचे आणि उन्हाळ्यात वावरात राबणाऱ्या मजुरांना पाजायचे. प्रत्येक घरची चव निराळी. पुढे शहरातल्या लोकांनी तिला सेझन म्हटलं, फार्महाऊस म्हटलं, आंबट म्हणून सावर म्हटलं, आणि कुठली बिअर कुठल्या खान्यात बसते यावर ते आजही हिरीरीनं भांडतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच मोठ्यानं हसलो. कारण बिअर वगळली तर ही सगळी हकिकत मला आंबील म्हणून पाठ होती. आई उन्हाळ्यात संध्याकाळी ज्वारीचं पीठ भिजवायची, सकाळपर्यंत ते आंबायचं, मग शिजवून पातळ करून, वर कांदा-मीठ घालून ती वावरात न्यायची. मडक्याच्या तळाशी थोडं आंबट पीठ ती कायम राखून ठेवायची आणि त्यावरच नवं पीठ घालायची. शेजारणीची आंबील आमच्यासारखी कधीच लागायची नाही.

एका दिवाळीला ते तळाचं पीठ मी स्टीलच्या डब्यात भरून घेतलं.

“कायले पायजे तुले?” आईनं विचारलं.

“तिकडं आंबील करून पाहतो.”

“ज्यूसच्या कंपनीत?” असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला आणि हसली. आईला सगळं माहीत होतं. माझे कपडे धुताना येणारा वास तिनं पहिल्याच वर्षी ओळखला होता.

त्या पिठातले जिवाणू आणि निम्मी ज्वारी अशी एक बिअर मी पुण्यात तीन प्रयत्नांनंतर जमवली. आंबट, कोरडी, शेवटी ज्वारीच्या ओल्या कडब्यासारखा किंचित वास. मालकांनी घोट घेतला, मान डोलावली आणि पहिला प्रश्न केला, “मेनूवर काय लिहायचं?” मी म्हटलं, ज्वारीची आंबट. ते म्हणाले, आंबट लिहिलं तर लोक खराब झाली म्हणून परत पाठवतील. मग त्यांनी ‘फार्महाऊस सेझन’ असं छापून टाकलं. पहिल्याच शनिवारी एक चष्मेवाले गृहस्थ काचेपाशी येऊन मला सांगून गेले, की हे सेझन नव्हे, हे सावर आहे, तुमचं लेबल चुकलंय. मालकांशी मी चार दिवस धड बोललो नाही. ज्याच्या कामाला घरी ज्यूस म्हणतात त्याला लेबलं जरा जास्तच लागतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरं भांडण ठेवण्यावरून झालं. आंबट बिअर बाटलीत वर्षभर मुरली की तिचा धारदारपणा जातो, पिकल्या फळासारखी चव येते, असं मानणारा एक पंथ आहे. दुसरा पंथ म्हणतो, ही शेतावरची बिअर, त्याच उन्हाळ्यात पिऊन संपवायला केलेली, ती मुरवायची कसली. मालक दुसऱ्या पंथाचे, कारण त्यांना जागा अडवलेली चालत नसे. मी पहिल्या पंथाचा. वाद घालून घालून मी दोन डझन बाटल्या पदरात पाडून घेतल्या आणि मग माझ्या लक्षात आलं, की त्या ठेवायला माझ्याकडे जागाच नाही. माझी पुण्यातली खोली शेवटच्या मजल्यावर, वर पत्रा.

डिसेंबरात गावी गेलो तेव्हा त्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेलो. आमच्या घराच्या मागच्या खोलीला जाड मातीच्या भिंती आहेत, खिडकी नाही, आणि त्या वर्षी ती आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. आदल्या वर्षी कापसाचा भाव असा चढला होता, की ज्यांनी लवकर विकला ते वर्षभर कपाळ बडवत बसले. त्यामुळे या वर्षी बोंडअळीतून जेवढा वाचला तेवढा सगळ्यांनी घरात भरून ठेवला होता. पलंग ओसरीत आणि कापूस घरात, अशी सगळ्या गावाची तऱ्हा. दुसऱ्यांचा कापूस जन्मभर पारखलेले आमचे बाबाही त्यात आले. मी दोन शब्द बोलायला गेलो तर म्हणाले, “थांब. भाव येतेच.”

बाबा विहारात गेलेले बघून मी त्या गंजीत बाटल्या खोल पुरल्या. आई सीताफळं पिकायला कापसातच घालायची. कापसात ठेवलेली वस्तू जपली जाते, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. टाक्यांच्या तापमानाच्या नोंदी ठेवणारा माणूस मी, पण गावी आल्यावर मी ते सगळं फाटकाबाहेर चपलांसारखं काढून ठेवलं. कापूस विकला गेला तर बाटल्या काढून दुसरीकडे ठेवायला मी आईला सांगितलं, आणि त्यात तिचंच पीठ आहे हेही. ती बरं म्हणाली.

मनात असा बेत होता, की पुढच्या दिवाळीला यातली एक बाटली बाबांपुढे ठेवायची आणि सांगायचं: हे मी करतो. पिऊ नका, पण ज्यूस म्हणू नका. ते भाषण माझं पाठ होतं. आज विचार करतो तेव्हा मला माझी लाज वाटते. बिअरला मुरायला वेळ लागणार होता हे खरं, पण त्याहून खरं हे, की मला बोलायचा धीर नव्हता. बाटल्यांच्या नावावर मी माझीच एक वर्षाची मुदत वाढवून घेतली होती.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, “कापूस आतून गरम लागून राह्यला.”

“मग विका ना, बाबा. कायले ठेवता?”

“हो. पाहू,” म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, रेंज गेली. मी फोन ठेवून दिला.

एप्रिल संपला, भाव काही आला नाही. उलट साठवलेल्या कापसात बारीक किडे झाले. गावात जो तो अंग खाजवत फिरत होता. मे महिन्यात मी बुद्धपौर्णिमेला घरी आलो. सकाळी विहारात वंदना झाली, बाबांनी सगळ्यांकडून पंचशील म्हणून घेतलं, आणि दुपारी वस्तीतली पाच-सहा मोठी माणसं आमच्या ओसरीत खीर खायला बसली. ऊन असं होतं, की अंगणातल्या हंड्याला हात लावता येत नव्हता. आई दुसऱ्यांदा वाढायला उठली आणि मागच्या खोलीतून आवाज आला. दबलेला, पोत्यात फटाका फुटावा तसा. मग दुसरा. मग लागोपाठ चार-पाच.

सगळे उठले. कोणी म्हणालं साप, कोणी म्हणालं वायर जळली. मी दार उघडलं तेव्हा गंजीचा एक भाग खाली बसत चालला होता आणि पांढऱ्या कापसावर पिवळट तपकिरी ओल पसरत होती. वास तर सांगायलाच नको. आंबट, उग्र, आणि ज्यानं जन्मात कधी दारूच्या गुत्त्यासमोरून चक्कर मारली असेल त्याला ओळखू येणारा. माझ्या मागे ती सगळी माणसं उभी होती. त्यांच्यात बाबा, पांढऱ्या कपड्यांत, हातात खिरीची वाटी तशीच.

“काय होय हे?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. भाषण पाठ होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, “ज्यूस होय. पोराच्या कंपनीचा. उन्हानं फुटला.”

“मोठा आंबट ज्यूस हाय, बापा,” म्हातारा म्हणाला. कोणी हसलं नाही. सगळे परत ओसरीत जाऊन बसले आणि मुकाट्यानं खीर संपवून गेले. मला एवढं मेल्यासारखं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघं कापूस निवडायला बसलो. उरलेल्या बाटल्या मी गोधडीत धरून एकेक बाहेर काढल्या आणि परसात रित्या केल्या. मग काचा वेचल्या. मग भिजलेला कापूस वेगळा, कोरडा वेगळा. बाबांच्या बोटांना काही सांगावं लागत नव्हतं. नजरेला पांढरा दिसणारा कापूसही ते मधूनच नाकाशी नेऊन डागी ढिगावर टाकत होते.

मग कापसावरून नजर न काढता ते म्हणाले, “काल मी खोटं बोललो. सकाळी सगळ्याईले शील देल्लं अन् दुपारी सोताच मोडलं.”

मला राग आला. माझीच चूक असताना मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी म्हणालो, “मी नव्हतं सांगितलं खोटं बोला म्हणून.”

“नाही,” बाबा म्हणाले. “तू काहीच सांगतलं नाही. सहा वर्ष झाले.”

ते उठून पाणी प्यायला गेले. मी तिथंच कापसात बोटं घालून बसलो. आई हळू आवाजात म्हणाली, “त्याईले मालूम होतं रे. संक्रांतीच्या वक्ती कापूस पाहाले हात घातला, तं बाटल्या हाताले लागल्या. एक बाहेर काढून पाह्यली. मले वाटलं, आता फोडते. तं परत तशीच ठेवली अन् वरतून कोरडा कापूस टाकला.”

“मग मला काहून बोलले नाही?”

“फोन केलता ना तुले. कापूस गरम लागते म्हून सांगतलं.” हातातला कापूस निवडता निवडता ती थांबली. “अन् तू बी कमालच हाय. सीताफय कापसात ठेवलं तं आठ दिवसात पिकते. तुह्या बाटल्या वर्षभर थंड राहतीन असं कसं वाटलं तुले?”

मी पुढचा ढीग ओढून निवडायला घेतला.

चौथ्या दिवशी आम्ही कापूस मेटाडोरमध्ये भरून नेरला नेला. डागी कापसाची गाठोडी बाबांनी वेगळी बांधली होती आणि सगळ्यात वर, दिसेल अशी ठेवली होती. मी म्हटलं, खाली ठेवू. त्यांनी ऐकलं नाही. ज्या व्यापाऱ्याकडे गेलो ते नेरचेच, मुसलमान घरातले, बाबांहून वीसेक वर्षांनी लहान. त्यांच्या वडलांच्या गाड्या बाबांनी कित्येकदा तपासल्या होत्या आणि एकदा, असं ते स्वतःच हसत सांगायचे, भर बाजारात कवडी म्हणून परत पाठवल्या होत्या. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि कापूस बघायला स्वतः उठले.

“काका, वास काय येऊन राह्यला याले?” एक गाठोडं सोडून ते म्हणाले. बाबा काही बोलायच्या आत त्यांनी हात झटकला. “जाऊ द्या. भिजला असन पाण्यानं. तुमच्या मालाले मी काय पाह्यचं? आतमंदी टाकून देतो सगळा एका जागी. तुमी सांगान तो ग्रेड. तुमच्यापेक्षा जास्त कोनाले समजते इथं?”

ते अगदी मनापासून बोलत होते. त्यात उपकाराचा भाव नव्हता, शिष्यानं मास्तरांना मान द्यावा तसं होतं. मी बाबांकडे बघितलं. मला खरोखर वाटलं, की हो म्हणावं त्यांनी. प्रकरण इथंच मिटेल, कोणाला काही सांगावं लागणार नाही, आणि मी त्याच रात्रीची गाडी पकडून पुण्याला जाईन. इतका मी भित्रा झालो होतो.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. “कवडी लिहा,” ते म्हणाले. “वेगळा मोजा. पाण्यानं नाही भिजला. त्याच्यावर बिअर सांडली हाय.”

व्यापारी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. “क्या काका! तुमच्या घरी बिअर?”

“हो, घरी,” बाबा म्हणाले. आवारात हमाल होते, दोन-तीन गाडीवाले होते, आमच्या गावचा एक जण होता. विहारात शील म्हणून घेतात त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. “हा माहा पोरगा. पुण्याले बिअर बनवते. ही त्यानंच बनवलेली होती. आपल्या घरच्या ज्वारीची.”

मग व्यापाऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बाबांनाच विचारलं, “चांगली बनवते काय?”

“मी पेत नाही,” बाबा म्हणाले. “पेनारही नाही. त्याले इचारा.”

काचेपलीकडच्या त्या टाक्यांपाशी उभं राहून मी कुठल्याही बिअरवर अर्धा तास बोलू शकतो. तिथं, नेरच्या त्या आवारात, व्यापारी माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि बाबाही बघत होते. इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून का होईना, विचारला होता.

“चांगली होती,” मी म्हणालो. “मीच ठेवून बसलो. आधीच समोर आणायला पाहिजे होती.”

बाबांनी मान हलवली, उठले आणि म्हणाले, “चाल, गाठोडे खाली उतरव.”